धरमपेठेतील एक सल्ला केंद्र: कागदपत्रे चोख, वाचनाचा सल्ला कच्चा

ब्रिटनमध्ये गणिताच्या पदवीसाठी अर्ज करायचा म्हणून आम्ही मुलीचे नाव नागपूरच्या धरमपेठेतील एका सल्ला केंद्रात घातले. शुल्क ४० हजार रुपये, तेही आगाऊ. तिथल्या कामाचा अर्धा भाग खरोखर उत्तम आहे. ब्रिटनमधील पदवी प्रवेशाचे अर्ज यूकास या एकाच संस्थेमार्फत जातात; तिच्या एका अर्जात पाचच अभ्यासक्रम निवडता येतात, आणि त्यांत ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज असेल तर मुदत १५ ऑक्टोबरलाच संपते. या सगळ्याचे वेळापत्रक त्यांनी पहिल्याच दिवशी हाती दिले आणि शेवटपर्यंत पाळले. गुणपत्रिका, शिक्षकांचे शिफारसपत्र, परीक्षांची नोंदणी यांपैकी कशासाठीही आम्हाला दुसरी फेरी मारावी लागली नाही.

तक्रार आहे ती निवेदनाबद्दल, म्हणजे हाच विषय का शिकायचा हे विद्यार्थ्याने अर्जात स्वतः लिहायचे त्याबद्दल. २०२६ च्या प्रवेशापासून एका सलग निबंधाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरे लिहावी लागतात. मोकळ्या जागांसह सगळी मिळून ४००० अक्षरे, आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचे. एवढ्याशा जागेत अभ्यासक्रमाबाहेरचे वाचन दाखवायचे, तर केंद्राने बारा पुस्तकांची छापील यादी दिली आणि प्रत्येक नावाखाली एक तयार वाक्य. यादीत पहिले पुस्तक इंग्रज गणितज्ञ हार्डी यांचे १९४० सालचे ‘अ मॅथमॅटिशियन्स अपॉलॉजी’ होते आणि त्याखाली गणिताच्या सौंदर्याने भारावून गेल्याचे वाक्य. त्या पुस्तकात मूळ संख्या अनंत असल्याची आणि दोनचे वर्गमूळ अपरिमेय असल्याची सिद्धता दिली आहे, याचा मात्र उल्लेखही नव्हता. वास्तविक सतरा वर्षांच्या मुलीला स्वतःचे काही म्हणता येईल अशी जागा तीच. पुढच्या आठवड्यात बाहेरच्या बाकावर बसलेल्या एका मुलाच्या कच्च्या मसुद्यात तेच वाक्य जसेच्या तसे दिसले, तेव्हा मी अस्वस्थ झाले. यूकास प्रत्येक निवेदन इतर निवेदनांशी ताडून पाहते, हे त्याच केंद्राने आम्हाला बजावले होते!

शनिवारी दुपारी तिथे गणिताचे एक निवृत्त प्राध्यापक येतात. त्यांनी यादी बाजूला सारली आणि मुलीला विचारले, “बाळ, यातले कुठले पुस्तक मिटून ठेवून तू कागद-पेन्सिल घेतलीस?” एकही नाही, असे तिने प्रामाणिकपणे सांगितले. मात्र देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांच्या ६१७४ या संख्येबद्दल तिने आठवीत कुठेतरी वाचले होते: चारही अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिले, की शेवटी ६१७४ च येते. तेव्हापासून ती अधूनमधून या खेळात रमत असे. सरांनी तिला तीन अंकी संख्यांकडे वळवले. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा केली, की फरक नेहमी सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील अंतराच्या ९९ पट येतो. म्हणजे तिन्ही अंक सारखे नसतील तर फरक नऊच प्रकारचे संभवतात, आणि त्या नऊही फरकांवर हीच वजाबाकी पुन्हा पुन्हा केली की सगळे ४९५ वर येऊन थांबतात. हे तिने दोन संध्याकाळींत स्वतः लिहून काढले. मग चार अंकांना हीच युक्ती इतकी सरळ का लागू पडत नाही, हा प्रश्न तिला पडला आणि त्यासाठी ती आपणहून संख्या सिद्धांताचे (नंबर थिअरीचे) पुस्तक घेऊन बसली. निवेदनात अखेर गेले ते हेच, सहा-सात ओळींत. हार्डी आले नाहीत, कारण ते तिने तोवर वाचलेच नव्हते.

दुर्दैव असे, की सर शुल्काच्या ठरलेल्या सेवेत मोडत नाहीत. त्यांच्याशी भेट मागून घ्यावी लागते आणि स्वागतकक्षातील मंडळी ती आपणहून सुचवत नाहीत. आम्हाला ती मिळाली ती मुदतीला जेमतेम अडीच आठवडे उरले असताना. केंद्रात जायचेच असेल तर नाव नोंदवतानाच शनिवारची वेळ लेखी मागावी, आणि छापील यादी नम्रपणे परत करावी.