सहा डोमेन, चौदा मेलबॉक्स आणि एक थंडरबर्ड

माझ्या एकटीच्या गळ्यात सहा डोमेन आहेत. दोन माझी, चार क्लायंटची. वेबसाइट करून दिली की ‘मेलचंही तुम्हीच बघा ना’ येतंच, आणि आपण मान हलवतो. इन्फो, सेल्स, अकाउंट्स असं करत करत मेलबॉक्स चौदा झाले.

आधी सगळं ब्राउझरमध्ये चालायचं. सहा टॅब, सहाही ठिकाणी तेच वेबमेल, दिसायला अगदी जुळी भावंडं. एकदा घाईत एका क्लायंटच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या क्लायंटच्या पत्त्यावरून उत्तर गेलं. दोघं एकाच धंद्यातले. गिऱ्हाइकाने सरळ विचारलं, ‘तुम्ही आणि ते एकच का?’ आता यावर काय सांगणार!

त्यानंतर थंडरबर्ड हा मेल वाचायचा-पाठवायचा प्रोग्रॅम संगणकावर घेतला, त्याला दोन वर्षं झाली. मोझिलाच्या परिवारातला, फुकट, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हींवर चालणारा. पहिली आवृत्ती २००४ची, म्हणजे तसा म्हातारा. २०२३च्या ११५व्या आवृत्तीत त्याचं रंगरूप बरंच सुधारलं.

सगळे मेल एका इनबॉक्समध्ये दिसणं ही त्याची खरी करामत नाही. ते युनिफाइड फोल्डर्स चालू केलं की होतं, आणि इतर अॅपही ते करतात. माझ्यासाठी मोलाची गोष्ट म्हणजे उत्तर कुठल्या पत्त्यावरून जातं. मेल ज्या खात्यात आला, त्याच खात्यातून उत्तराची खिडकी उघडते. शिवाय एका खात्याला कितीही आयडेंटिटी (म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता) जोडता येतात, प्रत्येकीची सही वेगळी, रिप्लाय-टू (उत्तर जिथे यायचं तो पत्ता) वेगळा. माझ्या एका डोमेनवर कॅच-ऑल आहे, म्हणजे त्या डोमेनच्या कुठल्याही पत्त्यावरचा मेल एकाच पेटीत पडतो. आयडेंटिटीच्या सेटिंगमध्ये, कोणत्या पत्त्यावर आलेल्या मेलला या नावाने उत्तर द्यायचं ते लिहायची एक चौकट आहे. तिथे चांदणी (*) टाकून डोमेन लिहिलं आणि प्रश्न मिटला.

याच ठिकाणी मी माझ्या हाताने खड्डाही खणला. नवीन आयडेंटिटी केली, सही टाकली, पण खालचा आउटगोइंग सर्व्हरचा पर्याय बघितलाच नाही. तो मूळ खात्याचाच राहिला. म्हणजे पत्ता ‘ब’ डोमेनचा आणि मेल बाहेर पडतोय ‘अ’च्या सर्व्हरवरून. मेल गेले, एकही परत आला नाही, आणि चार दिवस कोणाचं उत्तरही नाही. शेवटी माझ्याच दुसऱ्या पत्त्यावर एक पाठवून बघितला, तर तो स्पॅममध्ये. कंट्रोल-यू दाबून हेडर (मेलच्या प्रवासाची नोंद) उघडले: एसपीएफ (या डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरवरून जावेत त्याची यादी) सॉफ्टफेल, म्हणजे संशयास्पद; डीमार्क (दिसणारा पत्ता खरा आहे का याची तपासणी) फेल. बरोबरच आहे, ‘ब’च्या एसपीएफ रेकॉर्डमध्ये ‘अ’चा सर्व्हर कुठे होता? प्रत्येक डोमेनचा एसएमटीपी (मेल बाहेर पाठवणारा सर्व्हर) वेगळा जोडून आयडेंटिटीला तोच निवडला आणि मेल इनबॉक्समध्ये पडू लागले. एसपीएफला हात लावलाच तर एक लक्षात ठेवा: नवीन सेवा आली म्हणून दुसरी ओळ घालायची नाही. एका डोमेनला एकच एसपीएफ रेकॉर्ड चालतो. दोन झाले की तपासणीच चूक धरली जाते. जे जोडायचं ते त्याच ओळीत, आणि तेही दहा डीएनएस लुकअपच्या (डोमेनच्या नोंदी शोधण्याच्या) मर्यादेत.

होस्टिंग बदलतानाही थंडरबर्डच कामी आला. जुनं आणि नवं, दोन्ही खाती आयमॅपवर (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत, पोर्ट ९९३) जोडली आणि फोल्डर इकडून तिकडे ओढले. कॉपी करायचं हं, मूव्ह नाही. मोठे फोल्डर तुकड्यातुकड्याने.

याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची नाही, तेही सांगते. मेलबॉक्स उघडणं, पासवर्ड बदलणं, एमएक्स (मेल कुठे पोचवायचा त्याची नोंद), डीकिम (मेलवरची डिजिटल सही) हे सगळं होस्टिंगच्या पॅनेलमध्येच करावं लागतं; सहा डोमेनांची ती वणवण काही वाचत नाही. त्याचे फिल्टर थंडरबर्ड चालू असतानाच काम करतात. लॅपटॉप बंद तर वर्गवारीही बंद, आणि फोनवर सगळा ढीग तसाच. म्हणून बिलं वेगळी काढण्यासारखे महत्त्वाचे नियम मी सर्व्हरवर ठेवलेत. फोनसाठी, जुन्या के-नाइन मेल या अँड्रॉइड अॅपमधूनच ऑक्टोबर २०२४ मध्ये अँड्रॉइडचा थंडरबर्ड आला. वाचायला आणि दोन ओळींचं उत्तर द्यायला पुरतो.

एक-दोनच पत्ते असतील तर एवढा खटाटोप करू नका, वेबमेल पुरे. आणि सपोर्टचा एकच मेलबॉक्स चौघं मिळून बघत असाल तरीही नको. उत्तर गेल्याची खूण सगळ्यांना दिसते, पण आत्ता कोण उत्तर लिहायला बसलंय हे कोणालाच दिसत नाही. एकाच तक्रारीला दोघांची दोन उत्तरं जातात, तीही वेगवेगळी. तिथे हेल्पडेस्कच (तक्रारी वाटून हाताळायचं सॉफ्टवेअर) घ्या.