ब्लेंडरचा स्कल्प्ट मोड: शाडूवर हात बसलाय? मग नक्की शिका

मी शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. राहते ऐरोलीला, कॉलेज जे. जे. म्हणजे रोज ठाण्याला गाडी बदलून सीएसएमटी. ज्युनियर मुलं हल्ली एकच विचारतात, "ताई, शाडू सोडून थेट ब्लेंडर शिकलो तर चालेल का?" ब्लेंडर म्हणजे कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर, आणि त्याचा स्कल्प्ट मोड म्हणजे ते मॉडेल मातीसारखं घडवायची सोय. गेलं वर्षभर मी दोन्ही बरोबरीने वापरतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पैशांचं. ब्लेंडर पूर्ण मोफत आहे, आणि रीतसर मोफत. 2002 साली ते बनवणारी कंपनी बंद पडली तेव्हा वापरणाऱ्यांनी 1 लाख युरो जमवून त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला करून घेतला. आपल्यासारख्या मुलांना, ज्यांचे पैसे प्लास्टर, सिलिकॉन आणि फायबरच्या सामानातच संपतात, त्यांना हे केवढं मोठं आहे हे वेगळं सांगायला नको. खर्च करायचाच तर पेन टॅब्लेटवर करा. माऊसला दाब कळत नाही, आणि दाबाशिवाय मॉडेलिंग नाही.

हात लावल्यावर पहिल्यांदा आवडतो तो क्ले स्ट्रिप्स ब्रश. बोटाने शाडूच्या पट्ट्या लावत गाल भरावा तसाच तो भर घालतो. ग्रॅबने जबडा ओढा, क्रीझने पापणीची कड काढा. ओढून ओढून जाळी (ज्या बारीक चौकटींनी पृष्ठभाग बनतो ती) विरली की व्हॉक्सेल रिमेश करा, सगळा पृष्ठभाग पुन्हा एकसारखा होतो. या बाबतीत माझी काहीच तक्रार नाही.

खरा मुद्दा उजेडाचा. स्टुडिओत दिवा जागेवर असतो आणि आपण कामाभोवती फिरून बघतो, म्हणून कपाळाचा चुकलेला उतार सावलीत लगेच पकडला जातो. ब्लेंडरमध्ये मॅटकॅप, म्हणजे तयार उजेड-सावलीचा मुलामा, लावलंत की उजेड तुमच्या नजरेबरोबर फिरतो. कुठूनही बघा, डोकं छानच दिसतं. शिकणाऱ्यासाठी याहून घातक काही नाही. मॅटकॅप काढून स्टुडिओ लाइटिंग घ्या आणि त्यातलं वर्ल्ड स्पेस लाइटिंग चालू करा. मग दिवा जागेवर राहतो आणि मॉडेलभोवती फिरून बघताना खोट दिसते. तसंच प्रोफाइल तपासताना नमपॅडवरचा 5 दाबून ऑर्थोग्राफिक व्ह्यू घ्या, नाहीतर पर्स्पेक्टिव्हमुळे जवळचा कान मोठा आणि नाक लहान दिसत राहतं.

दुसरा धोका सिमेट्रीचा. एका बाजूला केलेलं दुसऱ्या बाजूला आपोआप होतं. ढोबळ आकारापुरतं ठीक, पुढे ती बंद करा. दिवा कोळीवाड्यातल्या एका आजोबांचं पोर्ट्रेट मी करतेय. त्यांचं नाक किंचित डावीकडे वळलेलं आहे, उजवी भुवई खाली उतरलेली. आजोबा ओळखू येतात ते त्यामुळेच. सिमेट्रीत ते कोणाचेही आजोबा होतात.

म्हणूनच माझं उत्तर: थेट ब्लेंडर नको. स्क्रीनवर वजन नसतं. आर्मेचर (आतला आधाराचा सांगाडा) कमी पडलं, बटरफ्लाय (माती धरून ठेवायला तारेने टांगलेल्या लाकडी फुल्या) बांधायला विसरलं की ओला शाडू हनुवटीकडून खाली घसरतो, आणि तेव्हा वस्तुमान कशावर तोललेलं असतं ते अंगाला कळतं. 1896 मध्ये शिल्पकार गणपतराव म्हात्र्यांनी विद्यार्थी असताना केलेलं 'मंदिरपथगामिनी' हे शिल्प बघा. त्या उभ्या देहाचा भार कुठल्या पायावर आहे हे साडीच्या चुण्यांतूनही समजतं. ते ज्ञान ब्लेंडर देत नाही. ज्याच्याकडे ते आहे, त्याला मात्र ब्लेंडर भरभरून देतं.

मी आता डोकं शाडूतच करते आणि फोनने चहूबाजूंनी, एकमेकांवर चढणारे फोटो काढते. त्यांतून फोटोग्रामेट्रीने मॉडेल तयार होतं आणि ते ब्लेंडरमध्ये आणता येतं. फोटो शाडू चकाकत असताना काढू नका. ओल्या मातीवरची चमक कोनागणिक सरकते आणि सॉफ्टवेअर गोंधळतं. झाकलेलं ओलं फडकं काढून वरचं पाणी सुकू द्या, पण तडे जायच्या आत काढा. एकदा मॉडेल आत आलं की दुप्पट करा, मान कापून वेगळी कलती करून बघा, तीन निरनिराळ्या बैठका लावून बघा. पूर्वी मोठं करायला कॅलिपर, प्रमाणाचं गणित आणि दिवसच्या दिवस लागायचे. शिवाय अर्धवट शाडूचं डोकं ऐरोलीहून लोकलने नेता येत नाही, लॅपटॉप नेता येतो. गुरुवारच्या चर्चेत सरांसमोर सगळे पर्याय फिरवून दाखवता येतात, ही सोय मला फार मोलाची वाटते.

थ्रीडी प्रिंट मी रबाळे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात काढून घेते. पीएलएमध्ये (थ्रीडी प्रिंटरच्या नेहमीच्या प्लास्टिकमध्ये) थरांच्या रेषा उठतात. पॉलिश पेपर, पुट्टी, प्रायमर, पुन्हा पॉलिश पेपर, इतकं केल्याशिवाय त्यावरून सिलिकॉनचा साचा घेऊ नका, नाहीतर प्रत्येक रेषा कास्टिंगमध्ये उतरेल. गालावरची बोटांची खूण मी मुद्दाम ठेवते आणि तेवढा भाग पॉलिश पेपरपासून वाचवते. पीएलए साधारण 60 अंशांना मऊ पडतं, तेव्हा मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. छोट्या प्रिंटरचा बेड बहुधा 22 सेंटिमीटरच्या आसपास असतो. त्याहून मोठं डोकं तुकड्यांत कापावं लागतं. काप केसांच्या रेषेतून किंवा कानामागून घ्या, गालावरून नको.

आणि फाइल पाठवण्याआधी माप तपासा. ब्लेंडर मीटरमध्ये मोजतो, प्रिंटसाठी द्यायच्या एसटीएल फाइलमध्ये एकक लिहिलेलंच नसतं आणि प्रिंटरचं सॉफ्टवेअर ते मिलिमीटर धरतं. एक्सपोर्ट करताना स्केल 1000 ठेवा, आणि गाळ्यातल्या दादांना उंची सेंटिमीटरमध्ये वेगळी लिहून द्या.