डी-२ पोलादाच्या नावाखाली विकलेला घडीचा चाकू

चाकू कागद सरसर कापतोय असा व्हिडिओ बघून कृपया कोणीही पैसे पाठवू नका.

सोशल मीडियावरच्या एका पानावरून मी ट्रेकसाठी घडीचा चाकू मागवला. डी-२ या धार टिकवणाऱ्या कठीण पोलादाचं पातं, टायटॅनियमची मूठ, ३,८०० रुपये. पैसे आधी, तेही कोणाच्या तरी खासगी यूपीआयवर. हातात आला तेव्हा धार उत्तम होती, आणि फसगत होते ती इथेच. मऊ पोलादालाही कागद कापण्याइतकी धार सहज लावता येते. ती टिकणार किती, हे पोलाद कुठलं आणि त्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-थंड करून कठीण कसं केलंय, यावर ठरतं. डी-२ मध्ये साधारण दीड टक्का कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असतं; नीट कठीण केलेलं पातं कठीणपणाच्या रॉकवेल मापावर ६० च्या आसपास भरतं. ओळखीच्या टूलरूममध्ये माझं पातं तपासलं तर ५१ निघालं, म्हणजे बरंच मऊ.

पण खरा संताप आहे तो लॉकचा, म्हणजे उघडलेलं पातं जागीच धरून ठेवणाऱ्या खटक्याचा. मुठीतली पट्टी सरकून पात्याच्या बुडामागे बसते, म्हणून पातं मिटत नाही. माझ्या चाकूत ती कडेला जेमतेम टेकत होती. भिंगातून पाहिलं तर टेकायची जागा घासून चकचकीत झालेली. ताडपत्रीची नायलॉन दोरी कापताना पातं अडकलं. अडकलेलं पातं उपसताना सगळा भार लॉकवर येतो. पट्टी सटकली आणि पातं तर्जनीवर मिटलं. टाके घालावे लागले. गडावर, पावसात, दवाखाना तासन्‌तास लांब असताना ही जखम खोल गेली असती तर काय झालं असतं, याचा विचार विकणाऱ्याने करायला हवा होता.

चाकू घेतलाच असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत बघा. मुठीला लोहचुंबक लावा; टायटॅनियमला तो चिकटत नाही, माझ्या मुठीला खटकन चिकटला. चाकू उघडून लॉकची पट्टी बाजूने पाहा, ती बुडाच्या किमान पाव भागावर बसलेली हवी. मग जाड हातमोजा घालून, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून, पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हळूहळू दाबा. पट्टी जराही सरकली तर तो चाकू वापरू नका. कानस लावूनही कठीणपणा कळतो, पण ओरखडा दिसला की माल परत घेत नाहीत, म्हणून ती शेवटी.

विक्रेता आधी म्हणाला, ‘तुम्हीच वाकडातिकडा वापरला असणार.’ मग नंबर ब्लॉक. बिल मागितलं होतं, ते कधी आलंच नाही. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. तुमच्यावर ही वेळ आली तर जाहिरातीचे स्क्रीनशॉट पान गायब व्हायच्या आधी घ्या, आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक व कुरिअरचं पाकीट फेकू नका.