आराखडा पक्का होण्याआधी लोकांशी बोलून देणारी सेवा: माझा अनुभव

ऑफिसात हजेरी आणि रजेची नवी सिस्टिम बसवायची होती, प्रकल्प माझ्याकडे होता. मंजुरीच्या आधीच सगळ्या संबंधितांशी बोलून देणारी एक सल्लागार सेवा आम्ही घेतली. आधी फोनवर मुलाखती, मग दिवसभराची कार्यशाळा, शेवटी लेखी संपर्क-आराखडा, म्हणजे कुणाला काय, कधी आणि कसं कळवायचं ते. मुलाखती अप्रतिम, कार्यशाळा चांगली, आराखडा बेताचा, असं माझं मत आहे.

मुलाखती घेणाऱ्या बाईंनी ‘नवी सिस्टिम कशी हवी?’ असं कुणालाच विचारलं नाही. ‘महिन्यातल्या कोणत्या दिवसांत तुम्हाला मान वर करायला फुरसत नसते?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. पगारपत्रक करणाऱ्या सहकारी लगेच म्हणाल्या, ‘हजेरी २५ तारखेला बंद होते, पुढचे दिवस पुढच्या पगारात जातात.’ विक्रेत्याने सुचवलेली सुरुवात होती १ तारखेची. म्हणजे एकाच पगाराचे सुरुवातीचे काही दिवस जुन्या सिस्टिममध्ये, बाकीचे नव्या, आणि जुळवाजुळव हाताने. परिपत्रक अजून निघालं नव्हतं, त्यामुळे १ ची २६ तारीख करायला एक फोन पुरला. एवढ्यासाठीही मी ही सेवा पुन्हा घेईन.

कार्यशाळेत मेंडेलो यांच्या नावाने ओळखली जाणारी चौकट वापरली: कुणाच्या हातात किती अधिकार, कुणाला किती आस्था, हे पाहून प्रत्येक गटाच्या नावाची चिठ्ठी चार कोपऱ्यांपैकी एकात लावायची. ही चौकट बऱ्याच ठिकाणी भरतात आणि तिथेच थांबतात. इथे त्यांनी आणखी एक प्रश्न जोडला, ‘हजेरीचं मशीन बंद पडलं तर कुणाची तारांबळ उडेल?’ उत्तर आलं, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक. चौकटीत ते ‘नुसतं लक्ष ठेवा’ या कोपऱ्यात पडले होते. त्यांची चिठ्ठी उचलून वर लावली आणि मशीन कुठे बसवायचं हे त्यांना विचारून ठरलं. हे मला फार आवडलं. ज्यांना कुणी मीटिंगला बोलावत नाही, अडचण त्यांनाच आधी दिसते.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे प्रत्येक गटाचा एकच बोलणारा नेमला. ५ माणसांत जोडीजोडीने बोलण्याच्या १० वाटा होतात, १० माणसांत ४५. सगळे सगळ्यांशी बोलत बसले तर निरोप कुठेतरी बदलतोच.

लेखी आराखड्याने मात्र निराशा केली. सगळ्यांना सारखाच मासिक ईमेल सुचवला होता, सुरक्षारक्षकांनाही, ज्यांना ऑफिसचा ईमेलच नाही. इतकं बारकाईने ऐकून घेतल्यावर हे अपेक्षित नव्हतं. तो भाग आम्ही स्वतः लिहिला आणि रक्षकांसाठी पाळी बदलताना समोरासमोर सांगायचं ठरवलं.

सेवा घ्यायची असेल तर तारीख जाहीर होण्याआधी घ्या आणि मुलाखतींना जास्त वेळ मागून घ्या. आराखड्याचा नमुना त्यांच्याकडून आधीच मागवून पाहा.