फ्रीबीएसडी की ओपनबीएसडी: कपाटावरच्या लॅपटॉपसाठी

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट बंद झाला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, जी बऱ्याच जुन्या यंत्रांत नसते. त्यामुळे गोव्यात फोंडा-डिचोलीकडे कितीतरी धडधाकट लॅपटॉप कपाटावर जाऊन बसलेत. त्यांचं काय करू, असं कोणी विचारलं की मी विंडोजऐवजी बसवता येणारी मोफत लिनक्स मिंट सांगतो आणि विषय संपतो. पण ज्यांना यंत्राच्या पोटात काय चाललंय ते बघायची खाज आहे आणि जे फ्रीबीएसडी घ्यावी की ओपनबीएसडी, या दोन मोफत ऑपरेटिंग सिस्टीममध्ये अडकलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

दोन्ही बर्कले विद्यापीठाच्या युनिक्स घराण्यातल्या. फ्रीबीएसडी १९९३ची. ओपनबीएसडी थिओ डी राट यांनी १९९५मध्ये नेटबीएसडी या तिसऱ्या भावंडातून वेगळी काढली. फरक आहे तो स्वभावाचा. फ्रीबीएसडीला आता चारचौघांच्या लॅपटॉपवर जायचंय. तिच्या फाउंडेशनने २०२४मध्ये एका भागीदारासोबत त्यासाठी साडेसात लाख डॉलरचं काम हाती घेतलं: वायफाय, स्लीप, आवाज. ओपनबीएसडीच्या मंडळींना मात्र ही सिस्टीम आधी स्वतःसाठी हवी असते. तुम्हाला आवडली तर घ्या, नाहीतर राहिलं.

गंमत बघा. जी कोणाच्या मागे धावत नाही, तीच पहिल्या दिवशी सोपी वाटते. ओपनबीएसडीचा इन्स्टॉलर नुसते मजकुरी प्रश्न विचारतो, बहुतेकांना एंटर दाबलं की झालं, आणि हो म्हटलंत तर रीस्टार्टनंतर ग्राफिकल लॉगिन समोर येतं. फ्रीबीएसडी इन्स्टॉल झाल्यावर काळा पडदा दाखवते. डेस्कटॉप तुम्हीच चढवायचा. इन्स्टॉलरमधूनच केडीई हा तयार डेस्कटॉप बसावा म्हणून तिथे खटपट चाललीय, पण माझ्या मते ती मेहनत चुकीच्या जागी आहे. मजकुरी इन्स्टॉलरला जो घाबरला, तो दुसऱ्या दिवशी कॉन्फिग फाइल उघडताना अडणारच. वायफायवरचा पैसा मात्र सार्थकी लागतो, कारण तिथे जाणकारही हात टेकतात.

वायफायचं म्हणाल तर इंटेलचं कार्ड असल्यास ओपनबीएसडी बरी. घर, ऑफिस, फोनचा हॉटस्पॉट, नेटवर्कं एकदा लिहून ठेवली की ती आपोआप जोडते. कार्डाचं फर्मवेअर, म्हणजे ते चालवणारा छोटा प्रोग्राम, उतरवण्यापुरता फोन यूएसबीने लावून त्याचं नेट वापरा. ब्लूटूथ मात्र नाहीच. २०१४मध्ये काढून टाकलं ते परत आलेलं नाही. एनव्हिडियाचं ग्राफिक्स असेल तर ओपनबीएसडी विसरा. फ्रीबीएसडीला कंपनीचाच ड्रायव्हर मिळतो.

आता पावसाळा. जून लागला की आपल्याकडे लाइट येरझारा घालते आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा मेलेली असते. ओपनबीएसडीच्या फाइलसिस्टीमला जर्नलिंग नाही, म्हणजे डिस्कवरच्या बदलांची आधी नोंद ठेवायची सोय नाही. काम चालू असताना वीज गेली की पुढच्या बूटला डिस्क तपासणी आलीच, आणि दुखणं मोठं असेल तर ती बूट अर्धवट थांबवून तुम्हालाच तपासणी चालवायला सांगते. घरात आईला किंवा काकांना ते कोण सांगणार? फ्रीबीएसडीत झेडएफएस ही फाइलसिस्टीम निवडलीत तर जुना डेटा जागेवर ठेवून नवा वेगळीकडे लिहिला जातो, त्यामुळे फाइलसिस्टीम मोडत नाही. सेव्ह न केलेलं काय ते जातं. सत्तरी तालुक्यात राहणाऱ्याला माझ्या लेखी एवढा एक मुद्दा पुरे.

ओपनबीएसडीचा अवघडपणा पुष्कळदा सुरक्षेसाठी मुद्दाम ठेवलेला असतो, हे मात्र समजून घ्या. माइक आणि कॅमेरा मुळातच बंद. मुलीचा ऑनलाइन क्लास लावलात आणि तिचा आवाज पलीकडे गेला नाही, तर बिघाड शोधू नका, सेटिंग बदला. २०१८पासून हायपरथ्रेडिंगही, म्हणजे प्रोसेसरच्या एका कोअरवर दोन कामं एकदम चालवणं, बंद ठेवलंय, वेग कमी झाला तरी चालेल म्हणून. हा हट्ट सोडून ती सर्वांना खूश करायला निघाली असती, तर जगभरचे सर्व्हर दुरून सुरक्षितपणे हाताळायला जे वापरतात ते ओपनएसएसएच अशा काटेकोर हातांतून आलं असतं का, मला शंका आहे. म्हणून ओपनबीएसडीने पाठलाग करू नये, असंच मी म्हणेन.

ऑफिसच्या कामाला दोन्ही लंगड्या. कॅनन एलबीपी २९०० आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलाच्या टेबलापर्यंत दिसतो. त्याचा कंपनीचा ड्रायव्हर विंडोज, मॅक आणि लिनक्सपुरता. ओटीटीचं संरक्षित व्हिडिओ ओपनबीएसडीवर चालत नाही. फ्रीबीएसडीवर लिनक्सच्या आडवाटेने जमवता येतं. मराठीची काळजी नको: नोटो फॉन्ट टाकले की फायरफॉक्स आणि लिबरऑफिसमध्ये जोडाक्षरं नीट उमटतात, इनस्क्रिप्ट कीबोर्डही दोन्हीकडे आहे.

तर घरात एकच कॉम्प्युटर असेल आणि तो सगळे वापरणार असतील, तर दोन्ही नकोत. शिकायला वेगळा लॅपटॉप आहे पण यूपीएस नाही, तर झेडएफएससह फ्रीबीएसडी. राउटर, फायरवॉल किंवा शांतपणे लिहिण्याचं यंत्र हवंय आणि इन्व्हर्टर आहे, तर ओपनबीएसडी. तिची मॅन्युअल पानं इतकी चांगली आहेत की नेट बंद असतानाही अडत नाही. तरीही ठरत नसेल तर फ्रीबीएसडीवर उभी असलेली घोस्टबीएसडी पेनड्राइव्हवर घ्या. ती तयार डेस्कटॉपसह, डिस्कला हात न लावता चालते. वायफाय दिसतंय का, आवाज येतोय का, झाकण मिटून उघडल्यावर जागी होते का, ते तिथेच पाहा आणि मगच डिस्क पुसा.