सहा महिने वापरलेलं फायबर: ३३०० जीबी आणि न आलेला एसएमएस

महिना संपायला आठवडा होता आणि घरचं नेट बसलं. बंद नाही पडलं, पण १०० एमबीपीएसचं थेट २ वर आलं. बायकोची ऑफिसची मीटिंग अडकली, आईची मालिका पुढे सरकेना. लाइनमनला फोन केला. "सर, एफयूपी संपला तुमचा, ३३०० जीबी झालं." एफयूपी म्हणजे पूर्ण वेगाने वापरायचा महिन्याचा डेटा-कोटा; तो संपला की वेग कमी होतो.

अनलिमिटेड प्लॅनलाही मर्यादा असते हे आपण सगळे धरूनच चालतो. माझा राग आधी न कळवण्यावर आहे. निम्मा कोटा संपला की आणि ९० टक्के झाला की एसएमएस किंवा ईमेल पाठवा, असं टेलिकॉम नियामक ट्रायने २०१६ मध्येच कंपन्यांना बजावलंय. मला काहीच आलं नाही. रिचार्ज करा म्हणून मात्र मेसेजवर मेसेज येतात. तक्रार केली, डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) मिळाला आणि कुणी फोनही न करता ती 'निकाली' निघाली. मग कंपनीच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील टाकलं.

मला कंपनीच्या डेटा मोजणाऱ्या मीटरचाच संशय होता. तीन आठवड्यांहून थोड्या जास्त दिवसांत ३३०० म्हणजे रोजचे जवळपास १४० जीबी, आणि घरात माणसं चार. कंपनी राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड देत नाही, म्हणून त्याच्यामागे स्वतःचा राउटर लावला. त्यात कुठल्या डिव्हाइसने किती खाल्लं ते दिसतं. आकडे कंपनीच्या अ‍ॅपशी जवळपास जुळले. मीटर बरोबर आहे, तो आरोप मी मागे घेतो.

सगळ्यात जास्त खात होते कॅमेरे. दारावर, गॅलरीत, पार्किंगमध्ये असे तीन, चोवीस तास क्लाउडवर रेकॉर्डिंग. २ एमबीपीएसने सतत अपलोड म्हणजे एका कॅमेऱ्याचे दिवसाला साडेएकवीस जीबी, महिन्याला साडेसहाशे. तिघांचे मिळून १९०० च्या वर! आणि अपलोडही कोट्यातच मोजतात, हे विकताना कुणी सांगत नाही. आता कॅमेऱ्यांत मेमरी कार्ड टाकलंय, हालचाल झाली तरच क्लिप वर जाते. टीव्हीवरचं फोरके (4K, एचडीहून वरच्या दर्जाचं) चित्र तासाला सात जीबी घेतं, तेही एचडीवर आणलं. ४३ इंचावर आईला काही फरक जाणवला नाही. आता निम्मा कोटाही संपत नाही, त्यामुळे महागडा प्लॅन घ्यायची गरज उरली नाही.

बाकी सेवा चांगली आहे. पावसात एकदा केबल तुटली, संध्याकाळपर्यंत जोडून दिली.

अपिलाचं उत्तर आलं: इशारे 'नोंदणीकृत ईमेलवर' पाठवले होते. तो ईमेल एजंटचा निघाला. कनेक्शन देताना फॉर्म त्यानेच टॅबवर भरला होता. कागदोपत्री कंपनी सुटली, पण ओटीपी घेऊन ईमेल पडताळणं तिला जड नव्हतं. तुमच्या अ‍ॅपमध्ये प्रोफाइल उघडून ईमेल कुणाचा आहे ते आजच बघा. मी बदलून घेतलाय. निम्म्या कोट्याचा इशारा येतो का, ते प्लॅनची मुदत संपायच्या आत एकदा मुद्दाम वापर वाढवून बघणार. नाही आला तर जीएसटीसकट पुढच्या सहा महिन्यांचे पैसे या कंपनीला मिळणार नाहीत.