फी सरकारने भरायची की मुलीने लोन काढायचं?

२०२४-२५ पासून महाराष्ट्रात ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) घरातल्या मुलींची इंजिनिअरिंग-फार्मसीसारख्या कोर्सेसची ट्यूशन फी सरकार भरतं, आधी निम्मीच माफ होती. आता लोनचं बघा, साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, हप्ते कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं आणि नोकरी लागो न लागो ते फेडायचंच.

लोनच काढावं म्हणणाऱ्यांचा मुद्दा खरा आहे, ज्याला डिग्रीचा फायदा त्यानेच भरावं, बारावीनंतर कामाला लागलेला पोरगा पण साबण-तेलावर जीएसटी भरतोच ना, मग त्याच्या पैशातून दुसऱ्याची फी का? तरी मी फीमाफीच्याच बाजूने, कारण कर्ज म्हटलं की गावाकडे पहिलं मुलीचंच शिक्षण थांबतं. फक्त हॉस्टेल-मेसचा खर्च यात नाही, तोही धरायला पाहिजे.